प्रसंग कसा बांधायचा: कथालेखनाला नुकतीच सुरुवात करणाऱ्यांसाठी

कथा सुचते तेव्हा बहुतेकदा सबंध सुचते. एक बहीण आहे, तिने भावाला पैसे दिलेत, ते परत येत नाहीयेत आणि तिला मागताही येत नाहीयेत. डोक्यात सगळं लख्ख असतं. मग आपण लिहायला बसतो आणि तीन पानं झाल्यावर जाणवतं की ही कथा नाही, कथेबद्दलची माहिती आहे. "माधवीला फार वाईट वाटलं. दादाशी कसं बोलावं तिला कळेना. दिवस जात राहिले." या वाक्यांत चूक काहीच नाही. पण वाचणाऱ्याला तिथे उभं राहायला जागा नाही. ती जागा प्रसंगातून मिळते.

प्रसंग म्हणजे काय? एका ठिकाणी, सलग वेळात, माणसं काहीतरी करताहेत, बोलताहेत; आणि ते संपतं तेव्हा त्यांच्यातलं काहीतरी पहिल्यासारखं राहिलेलं नसतं. या व्याख्येचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना जमतो. मीही कित्येक वर्षं तेवढ्यावरच लिहीत होते. एका कथेत दोन मैत्रिणींची अकरा पानांची भेट लिहिली होती. संवाद चांगले होते, खोलीचं वर्णन मन लावून केलं होतं. माझ्या एका मैत्रिणीने ते वाचलं आणि विचारलं, "या दोघी भेटल्याच नसत्या तर पुढे काय अडलं असतं?" काहीच अडलं नसतं. अकरा पानं गेली. त्या दिवसापासून मी प्रत्येक प्रसंगाला आधी हाच प्रश्न विचारते, आणि पुढे जे सांगणार आहे ते सगळं त्यातूनच आलेलं आहे.

आधी ठरवा: दाखवायचं की सांगून टाकायचं

कथेतली प्रत्येक घटना प्रसंग करून लिहायची नसते. "दाखवा, सांगू नका" हा सल्ला नव्या लेखकाच्या कानावर इतक्यांदा पडतो की तो उठणं, आवरणं, निघणं, पोचणं, सगळंच दाखवत बसतो. वाचणारा दमतो, आणि खरा प्रसंग येतो तेव्हा त्याच्याकडे लक्ष उरलेलं नसतं.

हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. दहाव्या शतकातल्या धनंजयाने 'दशरूपक'मध्ये कथावस्तूचे दोन भाग केले: दृश्य आणि सूच्य. ज्यात रस आणि भाव भरलेला आहे ते रंगमंचावर दाखवायचं. जे नीरस आहे किंवा दाखवणं अनुचित आहे ते नुसतं सुचवायचं. सुचवण्यासाठी नाटककारांकडे विष्कंभक, प्रवेशक असे छोटे दुवे असत. दुय्यम पात्रं येतात, मधल्या काळात काय घडलं ते बोलतात आणि जातात. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त पहिल्या आणि दुसऱ्या अंकात बारा वर्षं उलटतात. तो सगळा काळ दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एक तापसी आणि वनदेवता यांच्या बोलण्यात मावतो. आणि धनंजयाने जे रंगमंचावर दाखवू नये म्हणून सांगितलं, त्यात वध आणि युद्ध यांच्या जोडीला लांबचा प्रवासही आहे. पात्र घरातून निघून मुक्कामाला पोचेपर्यंतची तीन पानं लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये कथनाच्या वेगाचे चार प्रकार मांडले: वर्णनासाठी थांबणं, प्रसंग, सारांश आणि वगळणं. प्रसंगात गोष्टीतला वेळ आणि सांगायला लागणारा वेळ जवळजवळ सारखा असतो. म्हणून प्रसंग महाग असतो. वाचणाऱ्याचा वेळ त्यावर खर्च होतो, तेव्हा तो ज्या क्षणी काहीतरी पालटतं त्यासाठीच राखून ठेवा. माधवीने पैसे कधी दिले, किती दिले, सहा महिने कसे गेले, हे दोन ओळींत सांगून टाकता येईल. ती दादाच्या वर्कशॉपमध्ये पैसे मागायला जाते तो अर्धा तास मात्र दाखवावाच लागेल.

आत्ता, इथे, काय हवंय

प्रसंगातल्या मुख्य पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे, हे सगळेच सांगतात. घोळ होतो तो 'काय' या शब्दाशी. "माधवीला सन्मान हवा आहे" हे खरं असेल, पण त्याने प्रसंग चालत नाही. सन्मान मिळाला की नाही हे त्या खोलीत कसं कळणार? त्याऐवजी असं लिहा: "आज इथून उठण्याआधी माधवीला दादाकडून पैसे परत करायची तारीख काढून घ्यायची आहे." आता वाचणाऱ्याला मोजता येतं. तारीख मिळाली किंवा नाही मिळाली.

इच्छा छोटी असली तरी चालेल. ती त्या प्रसंगात पुरी होण्यासारखी किंवा फसण्यासारखी मात्र असू द्या. आयुष्यभराची इच्छा कादंबरीची. प्रसंगाची इच्छा त्या अर्ध्या तासाची.

आड येणाऱ्यालाही काही हवं असू द्या

माझ्या मते नवख्या लेखकाचा प्रसंग सगळ्यात जास्त इथे लंगडा पडतो. माधवी पैसे मागते, दादा "नाहीत" म्हणतो. ती पुन्हा मागते, तो पुन्हा "नाहीत" म्हणतो. दादा नुसती भिंत झाला, आणि भिंतीशी माणूस किती वेळ बोलणार?

आता दादाच्या बाजूने विचार करा. त्यालाही आज काहीतरी हवंय. त्याने नवीन लेथ मशीन घेतलंय, ते बहिणीला कधी एकदा दाखवतो असं त्याला झालंय. धंदा वाढवायला कर्ज काढायचंय, त्यासाठी जामीनदार लागतोय आणि बहीण जामीन राहील याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. तो लबाड नाही. त्याचं तिच्यावर प्रेम आहे. तिचे पैसे परत करायचा विचार त्याच्याही डोक्यात आहे. एका खोलीत दोन इच्छा आल्या, आणि दोन्ही रास्त आहेत. आता कोणालाही वाईट ठरवायची गरज नाही, प्रसंग आपसूक तापतो.

अडथळा माणूसच असायला हवा असं नाही. बंद दार, संपत आलेला वेळ, पात्राची स्वतःची भीड, काहीही चालेल. पण पहिल्या काही कथांसाठी समोर हाडामांसाचं माणूस ठेवा, कारण माणूस उलट काहीतरी करतो आणि तुम्हाला पुढचं वाक्य आपोआप मिळतं.

दोन टोकं

लिहायला बसण्याआधी कागदाच्या वरच्या बाजूला दोन ओळी लिहा.

शिरताना: माधवी दादाकडून स्वतःचे पैसे परत मागायला आली आहे.
बाहेर पडताना: ती त्याच्या नव्या कर्जाला जामीन राहिली आहे.

दोन्ही ओळी सारख्याच असतील, म्हणजे "शिरताना माधवी दुःखी आहे, बाहेर पडताना माधवी दुःखी आहे", तर तो प्रसंग नाही. त्यातलं जे हवं ते दोन वाक्यांत सांगून पुढे जा. आणि "शिरताना दुःखी, बाहेर पडताना फार दुःखी" एवढ्यानेही भागत नाही. बदल बाहेरच्या जगातही दिसायला हवा: एखादी गोष्ट कळली, शब्द दिला गेला, सही झाली, दार बंद झालं. जे आता मागे घेता येत नाही असं काहीतरी. माझ्या अनुभवात या दोन ओळी लिहायला कधी कधी प्रसंग लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तो लागू द्या.

मधल्या पायऱ्या

पहिल्या टोकाकडून दुसऱ्याकडे एका उडीत गेलात तर वाचणाऱ्याला पटत नाही. पात्र प्रयत्न करतं, तो फसतो, मग ते दुसरा मार्ग धरतं. आधी माधवी वाट पाहते, दादा स्वतःहून विषय काढेल म्हणून. तो काढत नाही, मशीन दाखवत सुटतो. म्हणून ती आडून सुचवते: घराचा हप्ता आलाय. पण त्यालाही नेमकं तेच बोलायचंय, आणि त्याच्या उत्तरात तिचे पैसे आणि तिची सही एकमेकांत अडकून येतात.

या पायऱ्या तपासायची सोपी रीत आहे. एकेका पायरीच्या मध्ये कोणता शब्द बसतो ते पाहा. "आणि मग" बसत असेल तर पायऱ्या सुट्या आहेत. "पण" किंवा "म्हणून" बसत असेल तर एकीतून दुसरी निघाली आहे. मी हे शब्द कच्च्या खर्ड्यात समासात खरोखर लिहिते. जिथे ओळीने तीन "आणि मग" येतात तिथे काहीतरी गळलेलं असतं.

आता हा प्रसंग लिहून पाहू.

दादाने स्विच दाबला तशी लेथची घरघर सुरू झाली.

"ऐकलंस? जराही थरथर नाही," तो ओरडून म्हणाला.

"दादा, बंद कर ना जरा."

"हं?"

"बंद कर. बोलायचंय."

त्याने मशीन बंद केलं. फडक्याला हात पुसले, एकेक बोट. "बोल."

माधवीने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "या महिन्यात घराचा हप्ता…"

"तुझे पैसे ना? अगं, तेच तर!" तो टेबलाकडे वळला. खालच्या खणातून त्याने एक फाइल काढली, तिच्यावर फुंकर मारली. "हे कर्ज मंजूर झालं की पहिला चेक तुझा. सगळे एकदम. फक्त एक जामीनदार लागतोय."

फॉर्मवर पेन्सिलीने तिचं नाव आधीच लिहिलेलं होतं. शाळेत असताना तिच्या वह्यांवर घालून द्यायचा तसंच, वळणदार, खाली दोन रेघा ओढलेल्या.

"तू विचारलं नाहीस मला," ती म्हणाली.

"तुला काय विचारायचं?"

त्याने पेन पुढे केलं. त्यावर ग्रीसचे ठसे उमटले होते.

"कुठे करू?" माधवीने विचारलं.

यात माधवीला काय वाटलं हे एकदाही लिहिलेलं नाही. पर्सची चेन आहे, पेन्सिलीने लिहिलेलं नाव आहे, ग्रीसचे ठसे आहेत. प्रसंगात एखादी वस्तू अशी असावी की जिच्यावर पात्रांचे हात आणि वाचणाऱ्याचे डोळे दोन्ही येऊन टेकतील. इथे तो फॉर्म आहे. तिचं नाव पेन्सिलीने आधीच लिहिलेलं आहे हा या प्रसंगाचा वळणबिंदू, कारण तिथे माधवीला दोन गोष्टी एकदम कळतात: दादाने तिला गृहीत धरलंय, आणि त्याच्या मनात तिची जागा अजून शाळेतल्या धाकट्या बहिणीचीच आहे. पहिल्या गोष्टीने तिने चिडायला हवं, दुसरीमुळे तिला चिडता येत नाही. हे समजावून सांगायला मला इथे तीन वाक्यं लागली. प्रसंगात दोन रेघांनी काम भागलं.

मराठीत लिहिताना

प्रसंगाची बांधणी शेवटी वाक्यात उतरते, आणि इथे आपल्या भाषेच्या काही सवयी सांभाळाव्या लागतात.

पहिली सवय 'ऊन' प्रत्ययाची. "दार उघडून, चपला काढून, आत जाऊन, खुर्ची ओढून बसून तिने विचारलं." व्याकरणाने वाक्य ठीक आहे, पण पाच क्रिया एका दोरीत ओवल्या की कोणतीच डोळ्यांपुढे उभी राहत नाही. ज्या क्रियेला अर्थ आहे तिला स्वतःचं क्रियापद, स्वतःचं वाक्य द्या. बाकीच्या गाळा. तिने खुर्ची ओढली हे महत्त्वाचं असेल तर "तिने खुर्ची ओढली." एवढंच.

दुसरी गोष्ट कारण आणि परिणाम यांच्या क्रमाची. "ती दचकली, कारण मागे दार आपटलं होतं" असं लिहिलं की वाचणारा आधी दचकलेली बाई पाहतो आणि दाराचा आवाज त्याला नंतर ऐकू येतो. "मागे दार आपटलं. ती दचकली." घडतं त्या क्रमाने लिहा. अमेरिकन लेखक आणि शिक्षक ड्वाइट स्वेन यांनी १९६५ च्या आपल्या लेखन-मार्गदर्शक पुस्तकात या क्रमावर पानंच्या पानं खर्च केली आहेत, आणि ती योग्य जागी खर्च झाली आहेत.

आपल्याकडे क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येतं. ही देणगी आहे. "त्याने पाकीट तिच्या हातातून…" इथपर्यंत वाचणाऱ्याला घेतलं की हिसकावलं, सोडवलं की नुसतं उचललं हे माहीत नसतं. वळणाच्या वाक्यात हा शेवटचा शब्द जपून निवडा.

आणि तू, तुम्ही, आपण. आयुष्यभर दादाला 'तू' म्हणणारी माधवी समजा म्हणाली असती, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा," तर एका सर्वनामात सबंध नातं फिरलं असतं. ज्या भाषांत हा भेदच नाही तिथल्या लेखकांना यासाठी परिच्छेद लिहावा लागतो. कोणतं पात्र कोणाला काय म्हणून हाक मारतं याची छोटी यादी आधीच करून ठेवा, म्हणजे बदल जाणूनबुजून होईल, चुकून नाही.

कोणाच्या नजरेतून लिहायचं, याचं माझं उत्तर साधं आहे: त्या प्रसंगात ज्याचं जास्त पणाला लागलंय त्याच्या. आणि एकदा धरलेली नजर प्रसंग संपेपर्यंत सोडू नका. माधवीच्या बाजूने लिहिताना "दादाला मनातून अपराधी वाटत होतं" हे वाक्य येऊ शकत नाही. तिला दिसतं ते फक्त त्याचं एकेक बोट पुसणं.

प्रसंगानंतरचा श्वास

एकामागून एक ताणाचे प्रसंग आले की कथा धापा टाकू लागते. स्वेन यांनी प्रसंगाच्या मागोमाग येणारा एक वेगळा भाग सांगितला आहे. मी त्याला पडसाद म्हणते. प्रसंगात इच्छा, संघर्ष आणि फटका. पडसादात प्रतिक्रिया, पेच आणि निर्णय. माधवी घरी येते. बोटाला ग्रीस लागलंय, ते धुऊन जात नाहीये. नवऱ्याला सांगावं तर तो दादाशी भांडेल, न सांगावं तर खोटेपणा. शेवटी ती ठरवते: आज सांगायचं नाही, आधी त्या फॉर्मची झेरॉक्स मिळवायची.

हा निर्णय म्हणजे पुढच्या प्रसंगाची इच्छा. साखळी इथे जोडली जाते. "पुढे काय लिहू?" म्हणून अडून बसलेल्यांना मी नेहमी शेवटचा पडसाद पुन्हा वाचायला सांगते. बहुतेक वेळा पात्राने काही ठरवलेलंच नसतं. पडसाद अर्ध्या पानाचा असेल किंवा एका वाक्याचा, वेगवान कथेत तो गाळलाही जाईल, पण तो तुमच्या डोक्यात स्पष्ट असायलाच हवा.

दुसरा हात

पहिला खर्डा लिहिताना यातलं फार काही आठवू नका. दोन ओळी वर लिहा आणि सुटा. तपासणी नंतर.

तपासायला बसाल तेव्हा प्रसंगाचा पहिला परिच्छेद हाताने झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. काही अडलं नाही तर तो परिच्छेद तुम्ही स्वतःला गरम करायला लिहिला होता, काढून टाका. रोमन कवी होरेसने दोन हजार वर्षांपूर्वी चांगला कवी श्रोत्याला घटनांच्या मधोमध नेऊन सोडतो असं म्हटलं, ते महाकाव्याइतकंच एका प्रसंगालाही लागू आहे. मग शेवटचा परिच्छेद झाका. माधवीच्या प्रसंगाच्या पहिल्या खर्ड्यात माझ्याकडे आणखी बरंच काही होतं: तिने सही केली, दादाने तिच्या पाठीवर थाप मारली, ती रस्त्यावर आली, आभाळ भरून आलं होतं. "कुठे करू?" नंतरचं सगळं झाकून वाचलं आणि ते सगळं काढलं. सही झालीच, ते सांगावं लागलं नाही. आभाळाचं वाक्य मला फार आवडत होतं. ते आता दुसऱ्या एका वहीत आहे.